गाडी गार हवी

माझ्या मामांना सगळे गारमामा म्हणतात. स्वभाव गार आहे म्हणून नव्हे, राग तर कायम नाकावर. जुनी महागडी गाडी घेण्याआधी लोक ती मामांना दाखवतात, आणि मामांची पहिली अट ठरलेली असते. "गाडी गार हवी. आदल्या रात्रीपासून बंद. मी आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही."

मोठ्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी पंचवीस वर्षं काढली. गुडघे गेले, नोकरी सुटली, पण नजर आणि तळहात शाबूत राहिले. त्यांना आता क्लच दाबवत नाही, म्हणून त्यांना घेऊन मी जाते. माझं शिवणाचं दुकान रविवारी बंद असतं. मी पन्नाशी ओलांडली आहे, पण मामांच्या लेखी मी अजून पोरगीच.

खरं सांगायचं तर मला या गाड्यांचं काडीचं कौतुक नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणा श्रीमंताने मिरवलेली गाडी आपल्या ऐपतीत येतेय म्हटल्यावर भल्याभल्यांचं डोकं फिरतं. सीटवर बसले की गाडी बघायची सोडून आरशात स्वतःलाच बघत बसतात. मामा त्यांना खाली उतरवतात. म्हणतात, "गाडी स्वस्त झाली, तिचे पार्ट नाही झाले. आता बघू."

आधी बॉनेटवर तळहात. ऊब लागली तर अवाक्षर न बोलता मागे फिरायचं. तापलेलं इंजिन दुखणी लपवतं, रात्रभर थंडावलेलं इंजिन पहिल्या मिनिटात सगळं बोलून टाकतं, असं ते म्हणतात. मग टायरवरच्या तारखा. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यायचा आणि सीटखालचे बोल्ट बघायचे, गंजलेले असले तर गाडी कधीतरी पाण्यात उभी होती. हवेच्या सस्पेन्शनवरची गाडी रात्रीतून एका कोपऱ्यात बसली आहे का ते वाकून बघायचं. प्रत्येक काच खाली-वर, प्रत्येक सीट मागे-पुढे. सर्व्हिसच्या पुस्तकात दोन वर्षांची पानं कोरी का, हे मालकाला तोंडावर विचारायचं.

आणि दुसरी अट. जे सांगायचं ते गाडीसमोर, विकणारा आणि घेणारा या दोघांच्या देखत. कोपऱ्यात नेऊन कुजबुज केलेली त्यांना खपत नाही. मी एकदा तसं केलं तेव्हा चारचौघांत माझी खरडपट्टी काढली होती.

त्या रविवारी एका नर्सबाईंनी बोलावलं होतं. त्यांच्या आईच्या कमरेचं हाड मोडलेलं, दर आठवड्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला उपचारांना न्यावं लागायचं. "साध्या गाडीत खड्डा आला की आई ओरडते," त्या म्हणाल्या. "परवा या गाडीत बसवून बघितलं, नाही ओरडली. पण मामा, मला एकदाच जमणार आहे. ही बंद पडली तर दुसरी घेता येणार नाही." ती बाई मिरवायला निघालेली नव्हती. मला पहिल्यांदाच वाटलं की गाडी चांगली निघू दे.

गाडी एका बंदिस्त गॅरेजमध्ये होती. ऊन नाही, वारा नाही. मालक इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा. "कालपासून हात लावलेला नाही," तो म्हणाला. मामांनी बॉनेटवर तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले, आणि टायरकडे वळले.

मी त्यांची पिशवी बॉनेटवर ठेवायला गेले आणि माझं मनगट पत्र्याला लागलं. पत्रा कोमट होता.

पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते, पण आला. मामा विकले गेले? मग आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी चहाचा वाफाळता स्टीलचा पेला त्यांनी फडक्याशिवाय उचलला होता आणि मी ओरडले तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. बोटावरच्या फोडाला ते पान्ह्याने लागलं म्हणाले होते. साखरेचा आजार जुना. पायांची आग व्हायची, मग आग थांबली, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं.

मामा बाकी सगळं नेहमीसारखं बघत होते. गालिच्याचा वास घेतला, बोल्ट बघितले, काचा खाली-वर केल्या. काही चुकलं नाही. शेवटी इंजिन चालू केलं, ते लोण्यासारखं चाललं. नर्सबाई मामांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी "घ्या" म्हटलं की संपलं.

मला त्यांना बाजूला न्यायचं होतं. चार पावलांवर दार होतं. पण मामांची अट मामांनीच मला शिकवली होती.

"मामा," मी म्हटलं, "बॉनेट गार नव्हतं."

मालकाचं हसू मावळलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून निघून जावंसं वाटलं. इंजिन त्यांनी नुकतंच चालू केलं होतं, त्यामुळे आता हात लावून काही कळणार नव्हतं. तरी त्यांनी तळहात ठेवला. मग दुसरा ठेवला. मग त्या दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून त्यांनी पत्र्याला गाल लावला आणि चटकन मागे घेतला.

मग त्यांनी आपला तळहात बघितला, उलटसुलट करून.

"बाई," ते नर्सबाईंना म्हणाले, "मला हाताला काही लागत नाही. ही म्हणते ते खरं धरा." मग मालकाकडे वळले. "बंद करा. किल्ली माझ्याकडे द्या. संध्याकाळपर्यंत आम्ही इथेच बसतो."

मालकाने आधी आवाज चढवला, मग सकाळी जरा फिरवून आणली होती असं कबूल केलं. मामा प्लॅस्टिकच्या खुर्चीत मुठीत किल्ली धरून बसले. सात तास. जेवायलासुद्धा उठले नाहीत. संध्याकाळी मी हात लावून सांगितलं, गार आहे. किल्ली फिरवली तर इंजिनातली साखळी डबड्यात खिळे हलवावे तशी खडखडली आणि मागून निळा धूर आला. मिनिटभरात सगळं शांत, पुन्हा लोणी. नर्सबाई मामांच्या पाया पडायला वाकल्या, तर मामा दोन पावलं मागे सरकले.

घरी येताना मी विचारलं, "कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून. वाटलं, हवेमुळे असेल. नंतर कळलं होतं ग. पण गार आहे एवढंच तर म्हणायचं असतं. म्हणत गेलो."

"किती गाड्या?"

"अकरा."

मी गाडी कडेला घेतली. मला रडू आलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळत नव्हतं. मामा म्हणाले, "दुकान उद्या बंद ठेवशील का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या अकरांतल्या पहिल्या घरी गेलो. दार उघडणारा गृहस्थ मामांना बघून खूश झाला. गाडी मस्त चालतेय, चहा घ्या म्हणाला. मामा उंबऱ्यातच उभे राहिले.

"तुमची गाडी मी चुकीची बघितली असेन," ते म्हणाले. "माझे हात बधिर झालेत. मी ते सांगितलं नाही. पुन्हा बघू द्या. आज बाहेर काढलीय का?"

गृहस्थाने नाही म्हणून मान हलवली. आम्ही गाडीपाशी गेलो. मामांचा हात सवयीने बॉनेटकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी माझं मनगट धरलं, माझा तळहात पत्र्यावर ठेवला आणि तसाच दाबून धरला.

"सांग," ते म्हणाले.