बाबांच्या कोपऱ्यातली माती

गाजरगवत उपटून उपटून माझे हात आता नावापुरते हात राहिलेत. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जाड झालीय आणि खाज तर विचारूच नका. डॉक्टर म्हणतात, शेतात जाऊ नका. सांगायला त्यांचं काय जातं.

शेत माझं नाही, भावाचं आहे. दारव्ह्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झाल्यापासून दर पावसाळ्यात जीपमध्ये स्वतःला कोंबून दादाच्या गावी जाते आणि त्याच्यासोबत वाकून गाजरगवत उपटते. त्याच्या शेताच्या वरच्या अंगाला पडीत आहे. बाबांच्या वेळेस तिथं मारवेल आणि पवन्या कमरेला लागायचा. त्या गवतावर घरची बैलजोडी वर्ष काढायची. गावातल्या बाकीच्यांनी जोड्या केव्हाच विकल्या, ट्रॅक्टर सांगून मोकळे झाले. दादानं विकली नाही. "पडीत हाय तवरिक जोडी हाय," हे त्याचं ठरलेलं. आणि पडितात तर आता चाऱ्याची काडी नाही, जिकडं पाहावं तिकडं ते पांढरं फूल.

आम्ही फूल धरायच्या आधी मुळासकट उपटायचो. जमीन साफ झाली की दादा गवताचं बी फेकायचा. ते वर यायचं, पिवळं पडायचं आणि मरून जायचं. मग पुन्हा गाजरगवत, आधीपेक्षा दाट. दादा वैतागायचा. "अवं, सारं तं उपटलं. मंग आता गवताले काय धाड भरली?"

शाळेत जे शिकवत आले तेच त्याला सांगितलं. गवताच्या मुळांना बुरशीचे धागे लागून असतात, केसापेक्षा बारीक. ते लांबून पाणी आणि खत ओढून आणतात, बदल्यात गवत त्यांना साखर देतं. गाजरगवताच्या मुळांतून आणि कुजल्या पाल्यातून मातीत जे उतरतं, त्यानं ही सोबत बिघडते. गाजरगवत उपटलं तरी माती त्याच्याच वळणाची राहते. दादानं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "म्हंजे इरजणच संपलं म्हन."

"हो, विरजणच समज."

"मंग इरजण आणू न. बाबापासून आणू."

बाबांना आम्ही शेतातच अग्नी दिला होता. तो खालचा कोपरा तेव्हापासून कोणी वखरला नाही. मधोमध लहानसा ओटा आहे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनी तिथं दिवा लावते. ना नांगर गेला, ना ढोरं गेली, त्यामुळं मारवेल तिथं होता तसाच राहिला होता. गावच्या शिवारात आणखी कुठं उरला असेल, तर मला तरी ठाऊक नाही.

मागच्या वर्षी आषाढात आम्ही तिघं गेलो. आधी पडितात खड्डे करून ठेवले. मग बाबांच्या कोपऱ्यातून मुळांसकट मातीची ढेकळं काढली आणि टोपल्यांनी वाहिली. वहिनी पुटपुटत होती, "बुढ्याले मेल्यावरही सोडत नाही तुमी बहीणभाऊ." पण टोपलं तिच्याच डोक्यावर होतं. काम संपलं तेव्हा ओट्याभोवती खड्डे पडलेले दिसले, आणि तिचा पाय तिथून निघेना. बाबांच्या जागेला असं उकरून ठेवून कसं जायचं? तिचं खरंच होतं. पडितातल्या खड्ड्यांची माती बाजूला पडलेलीच होती. ती आणली, बाबांचे खड्डे बुजवले, वरून हातानं थापून सारखं केलं. वहिनीनं हात जोडले, आम्हीही जोडले. मनाला बरं वाटलं.

पोळ्याला गेले तर पडितात, जिथं जिथं बाबांची माती पडली होती तिथं तिथं, मारवेल तरारला होता. टोपल्याएवढी एकेक हिरवी जागा, बाकी सगळं गाजरगवत. दादा प्रत्येक जागेपाशी जाऊन उकिडवा बसत होता. या वयात माणूस इतका खूश झालेला मी फार दिवसांत पाहिला नव्हता. म्हणाला, "पुढच्या साली आणखी आणू. थोडं थोडं करत सारं पडीत भरून टाकू." खालच्या कोपऱ्याकडं तेव्हा कोणी गेलं नाही. मधे तूर दाट उभी होती, चिखल होता. आखाजीला वहिनी गेली, तिला वाळक्या काड्या दिसल्या. उन्हाळ्यात सगळंच वाळतं.

यंदा आषाढात टोपली घेऊन गेलो. ओटा दिसत नव्हता. गाजरगवत छातीला लागत होतं, मारवेलाची पात शोधूनही सापडेना. कुठून आलं हे सांगायची गरजच नव्हती, आमच्याच हातांनी थापलेली माती होती ती. वहिनी म्हणाली, "खड्डे बुजवा म्हनून मीच म्हटलं होतं." दादा म्हणाला, "तुले कायले बोल लावू? ही एवढी शिकलेली, हिलेही नाही समजलं." तो रागानं बोलला नाही, म्हणून जास्त लागलं.

दिवस मावळेपर्यंत आम्ही तो कोपरा साफ केला. दादाची मान खाजवून लाल झाली होती. ओट्यावर पाणी ओतून त्यानं पुसून घेतलं आणि विचारलं, "आता इथं येईन का गवत?"

मी म्हटलं, "येईल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कधी खोटं बोलते हे त्याला लहानपणापासून कळतं. टोपली एकात एक घालत तो वहिनीला म्हणाला, "दारव्ह्याच्या बाजारात जोडीले काय भाव हाय, इचारून ठेवजो तुया भावाले."