उपरण्याखालचा भाव

माणसाच्या तोंडावर त्याची किंमत सांगणारा माणूस अख्ख्या भोसरीत एकच होता, आणि नेमका तो माझा शेजारी होता. शेजारच्या आबांचा उभा जन्म चाकणच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात गेला होता. त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली, की ते आधी तिच्याभोवती एक फेरी मारत, मग पाठीवरून हात फिरवत आणि मग भाव सांगत. माझ्या नव्या स्कूटरला त्यांनी असंच थोपटलं आणि "वशिंड न्हाई, वढायची न्हाई" म्हणून निकालात काढलं. मी राहायला आलो त्या दिवशी माझीही पाळी आली. बायकोच्या देखत मला पायापासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "कंपनीनं जरा महागातच घेतलाय." बायको नंतर आठवडाभर भाकरी थापताना मधूनच हसायची. नवे कपडे घातले, की गल्लीतली माणसं आबांचं दार टाळून लांबून वळसा घालत.

अशा माणसाच्या जमिनीत मी माझं स्वयंपाकघर बांधलं. मुद्दाम नव्हे. मी कारखान्यात ड्राफ्ट्समन. केसाएवढा फरक कागदावर पकडायचा पगार घेणारा. तेव्हा घराची आखणी गवंड्यावर कशी सोडणार? स्वतः टेप धरला, आणि आबांचा कपडे धुवायचा दगड हाच हद्दीचा दगड समजून तिथून मापं घेतली. पुढे आबांचं रान औद्योगिक वसाहतीला गेलं, घराभोवतीची जागा तेवढी राहिली. तिची मोजणी आली, तेव्हा मोजणीदाराने लाल झेंडी आमच्या चुलीपाशी आणून उभी केली. बायकोने झेंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आबा नुसतं "बघू" म्हणाले आणि निघून गेले.

हे 'बघू' फार वाईट. माझी झोपच उडाली. आबा रोज सकाळी येऊन आमच्या भिंतीवरून बाहेरून हात फिरवत, आणि आत आम्ही दोघं श्वास रोखून तो आवाज ऐकत असू. भिंत पाड म्हणाले, तर पोटाला चिमटा घेऊन बांधलेलं अर्धं घर जाणार. शेवटी तो पट्टा विकत घ्यायचं ठरवलं. पण भाव काय सांगायचा? मी कारखान्यात विचारत सुटलो. टर्नर म्हणाला, "मूळचं ज्वारीचंच रान हाय राव, रानाचा भाव दे." फोरमन म्हणाला, "वसाहतीला लागून आहे, प्लॉटचा भाव द्यावा लागेल." बायको म्हणाली, "माझ्या चुलीखालची जमीन आहे. मागतील तो द्या." तिन्ही भाव खरे वाटत होते, हीच तर भीती होती. कमी सांगावा तर आबा भडकणार, जास्त सांगावा तर बायकोच्या पाटल्या जाणार.

शेवटी आकडेमोड केलेला कागद घेऊन गेलो. आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"असा उघड्यावर भाव करत्यात व्हय? हात आण."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. बैलबाजाराची रीत. आकडा बोलायचा नाही. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. शेकड्यात की हजारात, तेवढं तोंडानं. "शेकड्यात," आबा म्हणाले, आणि त्यांनी काही मागायच्या आधीच मी घाबरून त्यांचा अख्खा पंजा गच्च धरला.

"आरं, आदी मी मागायचं! आन् गिऱ्हाइकाचा हात असा कापाया लागला, की दलाल भाव दुप्पट करतो. ठावं हाय?"

"करा," मी म्हणालो.

आबा रस्त्यापलीकडच्या, वसाहतीच्या पत्र्याच्या शेडांकडे बघत म्हणाले, "माझं समदं रान गेलं. पैसं आलं, बराबर आलं, न्हाई म्हनत न्हाई. पर कागदावर आलं. 'आबा, काय देऊ?' म्हनून हात कुनी धरला न्हाई."

मग त्यांनी माझी आवळलेली मूठ हळूहळू सोडवली आणि एकेक करून बोटं धरली. किती, ते सांगायचं नसतं. बायकोलाही मी आजवर सांगितलेलं नाही. पाटल्या तिच्या हातातच राहिल्या, एवढं पुरे. मी मान हलवली. सौदा झाला.

आता उपरणं काढायचं. पण आबांनी हात सोडला नाही, आणि मलाही सोडवेना. माझा हात कापायचा केव्हाच थांबला होता. तरी उपरणं हलत होतं.