गार इंजिन आणि माझं लाटणं

या शनिवार-रविवारी तळवड्यात आमच्या अंगणात एक प्रकार झाला... पोळ्या राहिल्या बाजूला आणि माझं लाटणं गेलं गाडीच्या कामाला!

माझा मुलगा रमेश पिकअप चालवतो. इथल्या वर्कशॉपमधला माल चाकणच्या कंपन्यांत पोचवतो. गाडी जुनी आहे, पण आमचं घर तिच्यावर चाललंय... दसऱ्याला मी तिला ओवाळते ते काही उगाच नाही.

तर या गाडीत टकटक सुरू झाली. रमेशने कासारवाडीच्या मेस्त्रीला दोन-तीनदा दाखवली, पण तिथे पोचेपर्यंत आवाज निम्मा व्हायचा. शेवटी मेस्त्री म्हणाला, इंजिनातला खालचा रॉड वाजत असेल तर इंजिन खोलावं लागेल.

रमेशचं डोकंच फिरलं. इंजिन खोललं म्हणजे गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणजे माल दुसराच कुणीतरी उचलणार. त्यापेक्षा विकून टाकतो म्हणाला... रविवारी दुपारी यायला एजंटला सांगितलंसुद्धा.

माझी नात सोनाली, रमेशची मुलगी, चाकणला कंपनीत इंजिनाच्या लाइनवर आहे. तिचा डबा मीच भरते, भेंडी असली की तसाच परत येतो, पण ते जाऊ दे. ती म्हणाली, "बाबा, मी बघू का?" तर हा म्हणतो, "तुमच्या कंपनीत समदं मशीनच करतं. ही खरी गाडी हाय, बाई." मलाच लागलं ते.

मग तिने विचारलं, इंजिन गार असताना आवाज कसा येतो? रमेशला सांगता येईना! येणार कसं... रोज सकाळी गाडी चालू करतो आणि तशीच घुरघुरत ठेवून आत चहाला येतो. बाहेर तुळशीपाशी मी असते. म्हणजे तो आवाज रोज ऐकणारी घरात मी एकटी, आणि मला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हटलं, "अगं, चालू करताना जोरात असतो. उलथनं तव्यावर वाजवावं तसा, बारीक, वरच्या अंगाने. ह्याचा चहा संपेस्तोवर मऊ पडतो."

सोनाली हसलीच. "आजी, उद्या तुझं लाटणं दे."

शनिवारी सकाळी रमेशने गाडी चालू केल्याबरोबर तिने लाटण्याचं एक टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. मग मला बोलावलं. "पदर खोच आधी, फॅन फिरतोय." मी कान लावला... बाई गं! आत बसून कुणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरत होतं. खालच्या बाजूला टेकवलं तर तसलं काहीच नाही.

"रॉड नाही बाबा, वरचा टॅपेट ढिला आहे," ती म्हणाली. इंजिनात झडपा असतात म्हणे, त्यांना दाबणारा तो टॅपेट. मधली फट वाढली की टकटक. गरम झालं की लोखंड फुगतं, फट कमी होते, आवाज दबतो. मेस्त्रीची तरी काय चूक... त्याच्याकडे गाडी कायम गरमच जायची.

रविवारी गाडी चालू करायच्या आधीच तिने झाकण काढलं आणि पत्र्याच्या पातळ पट्ट्या फटींमध्ये घालून बघितल्या. एका ठिकाणी पट्टी अगदी सैल गेली. रमेश हाताची घडी घालून उभा. "बंद पडली तर ढकलत नेशील काय चाकणला?"

"नेईन. तुम्ही स्टिअरिंगवर बसा."

मला हसू आवरेना. तिने पाना फिरवला, परत पट्टी घातली, झाकण लावलं. रमेशने चावी फिरवली.

चहा तयार होता, मी हाक मारली... पण तो आत आला नाही. बोनेटपाशी ऐकत उभा राहिला. मग स्वतःच लाटणं उचललं आणि कान लावला. आणि चहाचा पहिला कप सोनालीच्या हातात दिला.

दुपारी एजंट आला. त्याला चहा मिळाला, गाडी नाही.

आणि काल शेजारचा टेम्पोवाला इंजिन वाजतंय म्हणून आला, तर रमेश त्याला म्हणतो, "आता नको दाखवू, गरम हाय. रात्री इथंच लाव, सकाळी आमची सोनाली ऐकंल."

लाटणं काही परत मिळालं नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर पडलंय. मी नवं आणलं. हाताला अजून बसत नाही, पोळ्या जाड होतायत... होऊ देत. घरात कुणी तक्रार केलेली नाही.