शेपटीवर बसलेलं विमान

“हे आबांचा रंगवायचा हात गेल्यानंतरचं दिसतं. हे इथंच राहू दे.”

आतल्या खोलीतून मंगलताईचा आवाज आला. ती आबांची मुलगी. तिची आई, अक्का, गेल्यापासून आबा एकटेच राहत होते, म्हणून त्यांना कायमचं चोपड्याला आपल्या घरी न्यायला ती आली होती, आणि कपाटातली विमानं जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळून खोक्यात भरत होती. मी दारातच थांबले. तिच्या हातात कोणतं विमान आहे, ते न बघताही मला कळलं. त्या अकरा विमानांमध्ये एकच असं आहे, जे टेबलावर ठेवलं की नाक वर करून शेपटीवर बसतं. आबा बाहेर ओट्यावर खुर्चीत होते. त्यांनाही हे ऐकू गेलंच असणार.

धुळ्यात आम्ही आबांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. गल्ली त्यांना पेंटर आबा म्हणायची. हायवेवरच्या ट्रकांवर मोर, कमळं आणि मालकांच्या लेकरांची नावं रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मधे एकदाच गावाबाहेरच्या धावपट्टीवरून बोलावणं आलं. एका शिकाऊ विमानाच्या शेपटीवरचा पुसट झालेला नंबर पुन्हा रंगवायचा होता. काम अर्ध्या दिवसाचं, पण आबा ते जन्मभर सांगत राहिले. “ट्रकपेक्षा पातळ पत्रा, आनि तो उडस,” असं म्हणून ते स्वतःच्या तळहाताकडे बघायचे. जणू तो पत्रा अजून हाताला लागतोय.

काम सोडल्यावर जावयाने पुण्याहून त्यांना प्लास्टिकच्या विमानाचं किट आणून दिलं. सुटे भाग जोडायचे, मग हाताने रंगवायचं. पहिल्या विमानावर आबांनी सवयीने पंखांना वेलबुट्टी काढली आणि शेपटीवर कमळ. वाळायला ठेवलं, लांबून पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, “हाई ते लगीनले निंघनं.” अक्का दोन दिवस हसत होत्या. दुसऱ्या विमानापासून मात्र त्यांनी खोक्यावरच्या चित्रात जो रंग, तोच लावला. हात आवरायला त्यांना फार जड गेलं असावं, कारण वेलबुट्टी पुढे घरातल्या पाटावर आणि माझ्या कंपासपेटीवर उतरली.

उन्हाळ्यात ते पहाटेच रंगवायला बसत. ऊन चढलं की रंग ब्रशवरच सुकायचा, आणि धूळ उडते म्हणून पंखा लावायचा नाही. सुटे भाग ते नेलकटरने कापत. अक्कांचा चिमटा कायम आबांच्या टेबलावर सापडायचा, आणि त्यावरून रोजचं एक भांडण ठरलेलं. बारीक रेघ ओढताना ते आधी सगळा श्वास सोडत, मग ब्रश टेकवत. चाकं सगळ्यात शेवटी. तोवर विमान वाळत घातलेल्या कपड्यासारखं दोरीला टांगलेलं. “चाकं लागनात का गाडी निंघी जास,” ही त्यांची ट्रकवाली समजूत. चाकांवर उभं राहिलं की मगच पंखाखाली, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, ‘पेंटर आबा, धुळे’.

या सगळ्यात माझं काम वाचायचं. सूचनांचा कागद इंग्रजीत असायचा आणि मी इंग्रजी शाळेतली. शाळेत मी तोंड उघडत नसे. चारचौघांत उत्तर यायचं ते घशातच राहायचं. पण आबांच्या टेबलाशी मी ‘म्याडम’ होते. ते म्हणायचे, “वाच बरं म्याडम, काय म्हनस तो कागद?” मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची, ते कानावरची पेन्सिल काढून त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायचे आणि मगच भागाला हात लावायचे. कुणी विचारलं, हे असंच जोडायचं कशावरून, तर उत्तर एकच. “म्याडमनी वाचेल शे. मंग पक्कं शे.” एवढा विश्वास माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता. तो मी कसा सांभाळला, ते आता लिहिते.

मी नववीत असताना एक किट आलं. आधीची सगळी विमानं जुन्या घडणीची, मागे छोटं चाक असलेली. याला पुढे नाकाखाली चाक होतं. आबांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. त्यांनी ज्याच्या शेपटीवर नंबर रंगवला होता, ते विमान याच जातीचं. तोच नंबर, त्याच वळणाने, ते आता करंगळीएवढ्या शेपटीवर काढणार होते. ही गोष्ट त्यांनी गल्लीभर सांगितली.

मी वाचत होते. मधे एक ओळ आली, तिच्यातला एक शब्द मला येत नव्हता. ‘येत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण आबा पेन्सिल धरून माझ्याकडे बघत होते, आणि शेजारी अक्का कुणाला तरी सांगत होत्या की या पोरीला इंग्रजीतलं सगळं येतं. मी पुढची ओळ वाचली.

संध्याकाळी वर जाऊन मी शब्दकोश उघडला. दोन्ही भाग जोडायच्या आधी विमानाच्या नाकात वजन ठेवायचं होतं, नाहीतर ते चाकांवर उभं राहत नाही. सकाळी मी खाली गेले. सांगायलाच गेले होते. भाग चिकटवलेले होते, पण वरचे रबरबँड अजून काढले नव्हते. सुरीचं टोक घालून सांधा उघडता आला असता. खिडकीत डबा होता, त्यात ट्रकच्या बेअरिंगच्या गोळ्या. दोन-तीन पुरल्या असत्या. आबांनी विमान माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, “देख म्याडम, केस जाई इतली फट नही.” मी म्हणाले, छान झालंय.

पुढचे दोन महिने ते रंगवत होते आणि मी रोज बघत होते. शेपटीवरच्या नंबराला एकट्याला आठ सकाळी लागल्या. मी स्वतःला सांगत होते, कदाचित उभं राहील.

दसऱ्याला आबा पाटावर ब्रश मांडून पूजा करत. त्या वर्षी विमानही मांडायचं ठरलं. शेजारपाजार जमला. आबांनी आदल्या दिवशी चाकं लावली होती. आता दोरीवरून विमान सोडवून त्यांनी पाटावर ठेवलं आणि हात काढला. विमान सावकाश मागे कलंडलं आणि शेपटीवर बसलं. त्यांनी पुन्हा नीट ठेवलं. ते पुन्हा बसलं. समोरच्या घरातले काका म्हणाले, “आबा, हे उडायच्या आधीच थकलं की हो.” सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, पोरीने कागद नीट वाचला नसेल. तेव्हा आबांनी मान वर केली आणि चूक स्वतःवर घेतली. “मनाच हात चुकना व्हई. म्याडमनी ते बठ्ठं वाचेल शे.”

मी प्रसादाची वाटी धरून उभी होते. त्या वेळी माझा चेहरा कसा दिसत होता कुणास ठाऊक. सगळ्यांनी तो लाजरेपणाच समजला.

त्या विमानाखाली आबांनी नाव घातलं नाही. पुढचं किट आलं, ते उघडलंही नाही. मी विचारलं तर म्हणाले, “आते हात गया, म्याडम.” आवाजात तक्रार नव्हती. वय झालं की होतं असं, म्हणून त्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. दहावीनंतर वडिलांची बदली जळगावला झाली. नऊ वर्षांत मी धुळ्याला चार वेळा आले असेन, चारही वेळा सांगायचं ठरवून. चहा घेऊन परत गेले.

या वेळी मी आत जाऊन ते विमान मंगलताईच्या हातून घेतलं. मला हवंय का, असं तिने विचारलं. मी मान डोलावली आणि ते घेऊन बाहेर आले. आबांच्या मांडीवर सूचनांच्या कागदांची चळत होती. त्यांनी ती माझ्यापुढे केली. “हाई तूच ठेव. तूच वाचेल शे.”

सगळ्यात वर त्याच किटचा कागद होता. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलची खूण, एका ओळीपुढे नाही. ती मोकळी जागा त्यांच्या ध्यानात कधी आली होती का, मला माहीत नाही. मी ओट्यावर त्यांच्या पायांशी बसले. मंगलताई दारात येऊन उभी राहिली होती. मी ती ओळ वाचली, आधी इंग्रजीत, मग त्यांना सांगायची तशी मराठीत.

“दोन्ही भाग जोडण्याआधी नाकात दहा ग्रॅम वजन ठेवा. ही ओळ मी तेव्हा गाळली होती, आबा. तुमचा हात चुकला नव्हता.”