वरच्या डोहातले मासे

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, सकाळी आठच्या आत, वादीतल्या, म्हणजे डोंगरातल्या एरवी कोरड्या ओढ्यातल्या, खालच्या डोहातले दोन बादल्या मासे वरच्या डोहात सोडण्यात आले. एक बादली काकांनी उचलली होती, दुसरी मी.

काम धरणाच्या जलाशयातले मासे मोजण्याचं होतं. या आखाती देशाच्या राजधानीतल्या, गाला भागातल्या आमच्या कंपनीकडे त्याचं कंत्राट होतं. वर्षाला चार फेऱ्या, प्रत्येक ऋतूत एक. माणसं तीन. मत्स्यशास्त्र शिकलेल्या, मूळच्या नागपूरच्या मॅडम. जाळी टाकणारे काका, सिंधुदुर्गातल्या एका नदीकाठच्या गावचे. आणि तक्ते भरून अहवाल लिहिणारा मी.

जलाशयातले आकडे ऋतूप्रमाणे हलत. हिवाळ्यात पाऊस होऊन वादी वाहिली की पाणी गढूळ होई आणि जाळी जवळजवळ रिकामी येत. मार्चमध्ये काठच्या उथळ पाण्यात चिलापीचे नर विणीसाठी थाळीएवढे खड्डे करू लागत. मेमध्ये जाळं ओढायला दोघं लागत. चिलापी मूळची आफ्रिकेतली. इथे ती कोणी आणून सोडली याची नोंद आम्हाला कुठे मिळाली नाही. पहिल्या वर्षी तिच्याबरोबर इथला मूळचा मासाही जाळ्यात येत होता. बोटाएवढा, तोंडाने दगडाला चिकटणारा. काका त्याला मळ्या म्हणत, कारण त्यांच्या नदीतला मळ्या असाच दिसतो. दुसऱ्या वर्षापासून जलाशयात तो सापडेना.

तो उरला होता वर, वादीतल्या दोन डोहांत. त्या दोहोंच्या मध्ये पुरुषभर उंचीचा सरळ कातळ आहे. कातळ ओला असला तर मळ्या चिकटत चिकटत वर जातो. चिलापीला ते जमत नाही. म्हणून खालच्या डोहात दोन्ही मासे होते आणि वरच्यात फक्त मळ्या. वरच्या डोहात बाहेरचं काही जाता कामा नये, असं मॅडमनी अहवालात वेगळ्या परिच्छेदात लिहायला लावलं होतं. मळ्या बाकी कुठे टिकेल याचा भरवसा त्यांना उरला नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये खालचा डोह आटला. कातळ कोरडा पडला होता. तिथलं पाणी खजुरांना नेणाऱ्या गावातल्या म्हाताऱ्याने डोहाकडे हात करून “खलास” म्हटलं आणि तो निघून गेला. मॅडम तेव्हा बोटीत, जलाशयावर होत्या. तिथे फोन लागत नाही.

काकांच्या गावी उन्हाळ्यात नदीची धार तुटली की उथळ कोंडीतले, म्हणजे डोहातले, मासे हंड्यांत भरून वरच्या खोल कोंडीत नेऊन सोडतात. ते खायचे नसतात. काकांच्या लहानपणी एकाने खाल्ले होते, तर त्याच्या लग्नातही लोकांनी तो विषय काढला होता, असं काका सांगत. ती रीत त्यांनी इथे केली. मॅडमना विचारायला हवं, असं त्यांना वाटलं नाही. परिच्छेद माझ्याच हाताने लिहिलेला होता, तरी मलाही वाटलं नाही. सगळे मासे मरत होते आणि वर पाणी होतं.

काकांनी काम बेफिकिरीने केलं नाही. जाळ्यातला प्रत्येक मासा बादलीत घेतला आणि मग हाताने पाहिला. चिलापी दिसली की “पाहुणी इली” म्हणत ती बाहेर फेकली. बादलीतलं पाणी चिखलाचं होतं. वर सोडण्याआधी त्यांनी पुन्हा एकदा हात घालून पाहिलं. मोठं काही लागलं नाही.

नोव्हेंबरच्या फेरीत वरच्या डोहात चिलापी सापडली, सगळी एकाच मापाची. मॅडमनी कोणी वर काही आणलं का, असं विचारलं. काकांनी सगळं सांगितलं; एकही चिलापी ठेवली नव्हती, हेही. मॅडम दगडावर बसल्या.

“काका, ही पिल्लं तोंडात वागवते,” त्या म्हणाल्या. “पकडली की थुंकून टाकते. तुम्ही आई फेकली. पिल्लं बादलीतच राहिली.”

काकांच्या नदीत चिलापी नव्हती. त्यांनी ती बाजारात पाहिली होती, मेलेली.

त्यानंतर हिवाळाभर दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मॅडम स्वतःच्या गाडीने घुब्रा भागातल्या घरून निघत, काकांना घेत आणि दोघं वरच्या डोहात जाळं टाकत. चिलापी निघत राहिली. कातळाच्या भेगांत जाळं पोचत नव्हतं. डोह उपसायला गावाने नकार दिला. खजुरांना तेवढंच पाणी उरलं होतं. सापडले ते थोडे मळ्या ऑफिसातल्या टाकीत आणून ठेवले. ते आठवड्यात मेले.

अहवालाच्या मसुद्यात मी लिहिलं होतं की चिलापी वरच्या डोहात आढळली, कारण अनिश्चित. व्यवस्थापकांना तसंच हवं होतं. काकांनी ते पान माझ्याकडून मराठीत सांगून घेतलं.

“माझ्या हातसून झाला तां लिहा,” ते म्हणाले. “मासे काय उडान गेले?”

व्हिसा धोक्यात येईल, असं मॅडमनी त्यांना समजावलं. ते ऐकेनात. मी तसं लिहिलं. दोघांनी सोडले असं नाही, काकांनी सोडले असं. काकांनी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. व्यवस्थापकांनी ते वाक्य काढलं. छापलेल्या प्रतीत कारण अनिश्चितच आहे.

यंदा मेमध्ये कंत्राटातली शेवटची फेरी झाली. वरच्या डोहात तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ जाळं टाकलं. चिलापी मिळाली, तिच्यात अंगठ्याएवढी पिल्लंही होती. मळ्याच्या रकान्यात शून्य भरलं. तक्त्यावर मॅडमची आणि काकांची सही आहे.