मोजणीच्या दिवशी

गेल्या हिवाळ्यात, एका सोमवारी, दुधना नदीवर होऊ घातलेल्या पादचारी आणि सायकल पुलासाठी, रोज किती माणसं नदी ओलांडतात ते मोजायला पथक आलं. त्या दिवशी नदी कोणीच ओलांडली नाही.

गाव माझंच. बातमीसाठी मी परभणीहून आलो होतो. एरवी सकाळी निम्मं गाव बंधाऱ्याच्या भिंतीवरून पलीकडच्या शेतांत जातं. पण पाहुणा दारात असताना शेताची वाट धरणं आमच्याकडे अपमान समजतात. साहेब लोक येणार म्हणून सगळ्यांनी खाडा केला. काठावर मांडव पडला, हार आले, पोहे झाले.

माझी वहिनी आशा कार्यकर्ती आहे. पलीकडची वस्ती तिच्याकडे आहे. पाणी भिंतीवरून वाहू लागलं की तिला देवगाव फाट्याकडून वळसा पडतो आणि बाळंतिणीपर्यंत ती वेळेत पोहोचत नाही. त्या सकाळीही ती सायकल घेऊन निघाली होती. माझ्या चुलत्यांनी अडवलं.

"सूनबाई, आजच्या दिवस थांब. पाव्हण्यांचा चहा कोन करील?"

"मामा, वस्तीवर बाळंतीण हाय."

"उद्या जा. लेकरू काय पळून जायलाय का?"

दुपारी पथकाच्या अभियंता बाईंनी चुलत्यांना विचारलं, "काका, इथून तर कोणीच जात नाही. पूल कोणासाठी?"

"तुमी आलात म्हनून कोनी गेलं न्हाई, मॅडम. एरवी लय वर्दळ ऱ्हाती." चुलते मांडवाकडे वळून ओरडले, "चला रे, समदे दोन-दोन चकरा मारून या! मॅडमचा कागद भरू द्या."

"असं चालत नाही, काका. दिसलं तेच लिहावं लागतं."

कोरा कागद घेऊन त्या गेल्या. पूल गेला, असं गावाने धरलं. वहिनी कपबश्या विसळत होती.

गुरुवारी बाई पुन्हा आल्या. कोणाला कळवलं नव्हतं. गाडी लांब ठेवून चालत आल्या आणि बाभळीखाली बसल्या. मी तेव्हा गावातच होतो. शेतावर जाणारे गेले, शेळ्या गेल्या, कॉलेजच्या मुली गेल्या. मग वहिनी आली. सायकल खांद्यावर घेऊन भिंतीवर चढणार, तोच तिला बाई दिसल्या.

"अगं बाई, मॅडम! थांबा, चहा ठिवते."

"चहा नको. तुम्ही जा. तुम्ही गेलात तरच मला लिहिता येईल."

वहिनी गेली. बाईंनी लिहिलं.

दुसऱ्यांदा येणं त्यांना बंधनकारक नव्हतं, हे मी नंतर विचारून घेतलं. गाव त्यांचं ऋणी आहे. मीही आहे.

पुलाची जागा आता नक्की झाली आहे. दोन्ही काठांवर खुंट्या ठोकल्या आहेत. अलीकडची पहिली खुंटी, वहिनी सायकल खांद्यावर घेते त्या ठिकाणी आहे.