शेवटच्या बाकावरच्या बाई

आमच्या केंद्रात माणसं चार आणि खुर्च्या तीन. चौथी खुर्ची कधी कुणी मागितली नाही, कारण बाई केंद्रात बसायच्याच नाहीत. त्यांचं बसणं म्हणजे कुठल्यातरी माध्यमिक शाळेत, शेवटच्या बाकावर. गुडघे बाकाखाली मावत नाहीत म्हणून पाय एका बाजूला काढलेले आणि मांडीवर वही. शाळांतून त्यांना ‘शेवटच्या बाकावरच्या बाई’ असंच म्हणायचे. मी नुसतं बाई म्हणायची.

आईबापांच्या कामामागे मुलखामुलखांतून आलेली मुलं, घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, आणि शाळेत सगळं इंग्रजीतून. अशा मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना हात द्यायचा, हे आमच्या केंद्राचं काम. आता हे शिक्षक कोण? तर ज्याच्या तासिका भरत नाहीत, त्याच्या गळ्यात शाळा हा वर्ग बांधते. कुणी चित्रकलेचा, कुणी कवायतीचा. एका वर्गात पाच भाषांची मुलं आणि समोर घाम पुसणारा कवायत मास्तर, हे मी स्वतः पाहिलंय.

बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, “शिकवतात मास्तर, शिकतात मुलं, मग तू नक्की काय करतेस?” बाई म्हणायच्या, “अडकलेल्या माणसाला बाहेर काढते. तुमचंच काम, फक्त पाना नाही.” यावर सासूबाई आतून म्हणायच्या, “लोकांच्या शाळेत बसून पगार घेते, आणि वर उत्तरं!” सासूबाईंची जीभ तिखट, पण सुनेच्या पिशवीत जुनी वेळापत्रकं, रिकामे खोके, दुकानांची जाहिरातपत्रं गोळा करून भरायचं काम त्याच करायच्या. वर्गात हेच सामान लागायचं.

तास संपला की बाई शिक्षकाला भाषण द्यायच्या नाहीत. कप विसळता विसळता विचारायच्या, “आज कुठे घाम फुटला?” एवढ्यावर माणूस मोकळा व्हायचा. ज्या तासाला शिक्षकाला काम उरत नाही तो खरा तास, हे त्यांचं मत.

भूगोलाचे सर त्यांना असेच मिळाले. चाळिशीचे, सडसडीत, बोलणं इतकं हळू की पहिल्या बाकालाही कान द्यावा लागे. नोकरी वर्षाच्या बोलीवर, दर वर्षी नवा आदेश. घरी बायको आणि आजारी वडील. त्यांची भूगोलाची तुकडी बंद झाली आणि हा वर्ग त्यांच्याकडे आला. पहिल्या महिन्यात ते बाईंना म्हणाले, “मला नकाशा कळतो बाई, माणसं कळत नाहीत.” बाई म्हणाल्या, “मग नकाशापासूनच सुरू करा.” आणि सरांनी केलं. भिंतीवर शहराचा नकाशा लावला, मुलांनी आपापली घरं, दवाखाना, बसथांबे त्यावर टाचले, आणि त्या टाचण्यांवरून इंग्रजी बोलायला लागली.

आता घोडं पेंड खातं ते इथे. आमचा एक तक्ता असतो, वीस गुणांचा. बाराच्या आत गुण असलेल्या शिक्षकाला आठवड्यातून दोनदा मदत. बाराच्या वर गेला की वर्षातून एक भेट, चहा आणि शाबासकी. वर्ष संपता संपता सर सहज सोळाचे झाले होते. पण ते नुकते कुठे पोहायला लागलेले, आणि आम्ही काठावरून निघून जायचं, हे बाईंच्या जिवावर आलं. त्या माझ्या टेबलाशी तक्ता घेऊन उभ्या राहिल्या.

“काय करू गं?” त्यांनी विचारलं.

मी टंकलेखनाला बसलेली. तोंड माझं सदा पुढे. म्हटलं, “अकरा लिहा. सगळे तेच करतात. गुण कमी तर मदत जास्त, कुणाचं काय बिघडतंय?”

सगळे तेच करायचे, हे खरं होतं. तीन केंद्रांतून तसेच तक्ते यायचे. मदत करणाऱ्यांच्या जातीतच ही खोड आहे, हातातलं माणूस सुटू नये म्हणून त्याला कागदावर आजारी ठेवायचं. बाईंनी सरांना स्पष्ट सांगितलं की मी कमी लिहितेय, म्हणजे मला येता येईल. सर हसले, “लिहा की. माझं काय जातंय?” आणि खाली सही केली. अकरा हा आकडा मी टंकला. पुढच्या वर्षी पुन्हा अकरा, त्याच्या पुढच्या वर्षीही अकरा.

चौथ्या वर्षी वरून पत्र आलं. दोन शाळांचे हे वर्ग एकत्र करायचे, शिक्षक एकच ठेवायचा, ज्याचे गुण जास्त तो. दुसऱ्या शाळेतल्या मॅडमना चौदा होते. त्या फळ्यावर धडा लिहायच्या, मुलं उतरवून घ्यायची, तास संपायचा. त्यांना मदतीची कटकटच नको होती, म्हणून एका भेटीत चौदा देऊन सगळ्यांनी हात झटकले होते. मी पत्र दोनदा वाचलं. 

बाई त्याच दुपारी वरच्या कार्यालयातल्या साहेबांकडे गेल्या. मलाही बरोबर नेलं, जुने तक्ते हातात देऊन. साहेब वाईट माणूस नव्हते, वाईट असते तर भांडता आलं असतं. त्यांनी आम्हाला बसवलं, पंखा वाढवला, सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे हे गुण खोटे आहेत?” ते म्हणाले.

“हो साहेब. मी लिहिले. शिक्षा मला करा.”

“तुम्हाला शिक्षा करून काय होणार, बाई? तुमच्या हाताखाली तीस शिक्षक आहेत. यांचा तक्ता खोटा, तर बाकीचे एकोणतीस खरे कशावरून? सगळे रद्द करावे लागतील. मदत बंद, वर्ग बंद. ते लेखी हवंय का तुम्हाला?”

इकडे आड, तिकडे विहीर.  मला मध्येच बोलायचं होतं की युक्ती माझी होती, पण त्यानं कुणाचं काय भलं होणार होतं? तरी बोलायला हवं होतं. मी नाही बोलले, आणि ते मला अजून सलतं.

शेवटी साहेब म्हणाले, “अजून एक भेट करा. नवे गुण द्या. पण एका भेटीत दोनापेक्षा जास्त वाढ घेता येत नाही, नियम आहे.”

अकरा आणि दोन तेरा. बेरीज तिघांनाही येत होती. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं आणि आम्ही उठलो.

ती भेट मंगळवारी झाली. खोकी उचलायला म्हणून मी गेले होते, खरं तर बाईंना एकटं सोडवेना म्हणून. आम्ही दोघी शेवटच्या बाकावर बसलो. सरांनी नकाशावर एक नवी बस आखायची म्हणून सांगितलं. तिला थांबे फक्त चार, ते कुठे ते तुम्ही ठरवा. झालं! पाच भाषांची ती मुलं इंग्रजीत अशी भांडायला लागली की शेजारच्या वर्गातून दार लावून घेतलं. एक मुलगी टाचणी दवाखान्यावर रोवून उभी, दुसरी म्हणते बाजार आधी, तिसरा आजोबांच्या गुडघ्यांचा दाखला देतोय. चुका ढीगभर, पण थांबायला कुणी तयार नाही. सर खिडकीशी हात मागे बांधून उभे होते. त्यांना काहीच काम नव्हतं. बाईंच्या वहीचं पान कोरं राहिलं, त्या नुसत्या बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत बाईंनी सगळं सांगितलं. पत्र, चौदा, साहेब, दोनाचा नियम. काही झाकलं नाही. सर ऐकत राहिले. मला वाटलं चिडतील, निदान आवाज तरी चढवतील. तेवढंच बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “तेरा म्हणजे प्रगतीच आहे की.”

“सर, तुम्ही तेराचे नाही. आजचा तास वीसचा होता. असं शिकवणं मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही.”

“तुम्ही चांगल्या आहात, बाई.” सर हसले. “कवायतीच्या मास्तरांनाही तुम्ही असंच म्हणता, त्यांनी सांगितलंय मला. माणसाला धीर द्यायचा, हे तुमचं कामच आहे. पण तीन वर्षं तुम्ही अकरा लिहीत होता. एकदा मदतीसाठी, समजू शकतो. तीनदा? घरी वडीलही परवा हेच म्हणाले, लेकरा, काहीतरी कमी असेल तुझ्यात.”

“नाही हो, सर! देवाशपथ नाही. हिला विचारा.”

मी मान जोरजोरात हलवली. सरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर रुग्णाईत माणसाची असते, नातेवाईक ‘काही नाही हो, होईल बरं’ म्हणतात तेव्हा.  घाबरलेल्या माणसांना बाईंनी आयुष्यभर ‘छान’ म्हटलं होतं, आणि आज एकदा ते अक्षरशः खरं होतं, तर कुणी घेईना.

तक्त्याला शेवटी एक रकाना असतो. जेवढे गुण कमी, तेवढी कारणं लिहावी लागतात, नाहीतर तक्ता परत येतो. तेरा दिले तर सात कारणं. बाईंनी पेन काढलं, पण लिहायला एकही कारण सापडेना. मग मीच सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. आवाज लहान. फळ्याचा वापर कमी. वर्गात गोंगाट. काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलेली, दोष म्हणून सातही खोटी.

सरांनी सही केली. तक्ता आमच्याकडे परत द्यायच्या आधी म्हणाले, “एक मिनिट हं.” खिशातून छोटी वही काढली, टेबलावर नीट उघडली, आणि ती सातही कारणं क्रमांक घालून सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायला लागले.

“पुढे कुठे काम मिळालं,” ते म्हणाले, “तर एवढं तरी सुधारता येईल.”